45 दिवस? भरपूर आहेत!

सरकारी नोकरीत शिक्षेचा आदेश हातात पडला ना? मग पहिलं काम, तो कुठल्या तारखेला मिळाला हे कुठेही लिहून ठेवू नका. शिपाई सही मागेल, द्या. सहीखाली तारीख टाकायचा कोतेपणा कशाला? महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 म्हणतात की आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत अपील करा. तुमच्याकडे तारीखच नसली की मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे कार्यालय आपल्या सोयीने ठरवेल. तुम्हाला तेवढीच विश्रांती.

या 45 दिवसांचं नियोजन सोपं आहे. पहिले पंधरा संतापात जाऊ द्या. पुढचे पंधरा साहेबांच्या केबिनबाहेर बसा. ‘लेखी नको, उगाच नाराज होतील, तोंडी सांगून बघतो’ हे धोरण ठेवा. साहेबही म्हणतील, “अहो, एवढं काय मनाला लावून घेता? बघू या.” बघू या म्हणजे काम झालंच. उरलेले पंधरा आमदारांचं पत्र मिळवण्यात घालवा. सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय दबाव आणायला वर्तणूक नियमांनी मनाई केली आहे, त्यामुळे जुना आरोप गेला नाही तरी नवा मिळण्याची सोय होते. विलंबाला सबळ कारण असेल तर मुदतीनंतरचं अपीलही दाखल करून घेता येतं, म्हणून कारण मुळीच लिहू नका. दवाखान्याची कागदपत्रं असली तरी कपाटातच राहू देत. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ एवढं भरपूर झालं.

शिक्षा किरकोळ असेल, म्हणजे नुसता ठपका किंवा एखादी वेतनवाढ रोखलेली, तर अपील करून शोभा करून घेऊ नका. ती नोंद सेवापुस्तकात निमूट बसून राहील आणि पदोन्नतीच्या बैठकीतच तोंड उघडेल. आदेशात बहुधा एकच वाक्य असतं: ‘आपला खुलासा समाधानकारक नसल्याने अमान्य करण्यात येत आहे.’ चार पानी खुलाशातला कुठला मुद्दा पटला नाही आणि का, याबद्दल चकार शब्द नसतो. कारण न देणारा आदेश अपिलात टिकवणं कार्यालयाला जड जातं, असं अनुभवी लोक म्हणतात. तुम्ही असल्या लोकांत बसू नका.

आता अपिलाचा मजकूर. अपील प्रत्येकाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या नावाने करावं, त्यात सगळे मुद्दे यावेत आणि भाषा अनादराची नसावी, अशी नियमांची अपेक्षा. तुम्ही तिघाचौघांनी मिळून एकच अपील करा. एकीचं बळ! पहिल्या परिच्छेदात साहेबांचा स्वभाव घ्या, दुसऱ्यात त्यांच्या आधीच्या बदल्यांची खरी कारणं. मग ‘मी इतकी वर्षं निष्कलंक सेवा केली’ हे येऊ द्या, आणि ‘माझ्यावर घोर अन्याय झाला आहे’ हे दर पानावर एकदा तरी.

अपील प्राधिकाऱ्याला खरं तर तीनच गोष्टी पाहायच्या असतात. कार्यपद्धती पाळली गेली का, निष्कर्षांना नस्तीतल्या (म्हणजे फायलीतल्या) पुराव्याचा आधार आहे का आणि शिक्षा योग्य आहे, जास्त आहे की अपुरी. (अपुरी! शिक्षा वाढवण्याचाही अधिकार त्यांना आहे. अर्थात त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.) म्हणून या तिन्हींपैकी एकालाही हात लावू नका. दोषारोपपत्राच्या जोडपत्रात नमूद केलेली कागदपत्रं मागूनही दाखवली नाहीत, हे कशाला उकरायचं? बचाव सहायक नाकारला, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही, कार्यालयाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी आणि चौकशी अधिकारी एकाच गाडीतून आले नि गेले, या तर घरच्या गोष्टी. चौकशी अहवालाची प्रत न देताच शिक्षा ठोठावली असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे मोहम्मद रमझान खान (1990) आणि करुणाकर (1993) हे निकाल तुमच्या कामाचे आहेत. पण दोन ओळींत मुद्दा मांडला तर अपील किरकोळ दिसतं. अपील कसं जाडजूड हवं.

बडतर्फीचा आदेश नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याने काढला असेल तर घटनेचं कलम 311 आडवं येतं, म्हणून सही कोणाची आहे ते पाहू नका. जिल्हा परिषदेत नोकरी करत असाल तर तुमचे शिस्त व अपील नियम वेगळे, 1964 चे. तुम्ही मात्र 1979 चेच उद्धृत करा. जरा भारदस्त वाटतं.

निलंबन ही शिक्षा नव्हे, असं कार्यालय सांगेल. बरोबरच आहे. त्याविरुद्धही अपील करता येतं, एवढंच सांगायचं ते विसरतील. अजय कुमार चौधरी प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्राविना निलंबन तीन महिन्यांपलीकडे चालू ठेवू नये असं म्हटलं, राज्य सरकारनेही 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयात 90 दिवसांचा हिशेब मांडला. एक्याण्णवाव्या दिवशी तुम्ही काय करायचं? काही नाही. विषय थंड होऊ द्यायचा. निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता ज्या नियमांनी मिळतो त्यांचं नाव महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, 1981. हे नाव एका दमात वाचणाऱ्याला पहिला हप्ता तिथेच द्यायला हवा. इतरत्र नोकरीधंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यायचं मात्र टाळा, म्हणजे भत्ता का अडला हे कार्यालयाला सांगता येईल.

अपील अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि एक प्रत शिक्षा देणाऱ्याकडे. त्याने ती आपल्या अभिप्रायासह आणि सगळ्या कागदपत्रांसह विनाविलंब वर पाठवायची असते. कार्यालयीन विनाविलंब किती महिन्यांचा, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही स्वतः किती नस्त्या तशा पाठवल्यात, आठवा. प्रत देताना आवक क्रमांक, शिक्का, पोच असलं काही मागू नका. आवकवाला आपलाच माणूस आहे, त्याला काय वाटेल?

सहा महिने उत्तर आलं नाही तर 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमानुसार थेट मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं) दार ठोठावता येतं, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला. त्यापुढे एक वर्षाची मुदत असते. तुम्ही त्या फंदात न पडता स्मरणपत्रं पाठवा. पहिलं, दुसरं, तिसरं, मग ‘अतितात्काळ’ असं लाल शाईत लिहून चौथं. नियमात नसलेली अशी निवेदनं पुन्हापुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राठोर प्रकरणात 1989 सालीच सांगितलं आहे. पण न्यायालयाला आपल्या टपालाची गंमत काय कळणार? नवव्या स्मरणपत्राला उत्तर येईलसुद्धा: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपले अपील या कार्यालयास प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही.’