मेनूकार्ड आहे की पंचांग?

तालुक्याच्या गावात नवं ‘फॅमिली रेस्टॉरंट’ उघडलं की स्वयंपाक्याआधी मेनूकार्ड जाडजूड होतं. चायनीज, तंदूर, मेक्सिकन, वर मिसळसुद्धा. काहीही मागवा, उत्तर ठरलेलं: "साहेब, ते आज नाही." मग असतं कधी? आषाढी एकादशीला?

पनीर हंडी, पनीर अंगारा, पनीर तुफानी, पनीर कोल्हापुरी. नावं चार, पातेलं एक! तोच लाल रस्सा, वरून कधी क्रीम, कधी सुकी मिरची. दरावर स्टिकर, त्या स्टिकरवर आणखी स्टिकर. सुरमईपुढे ‘साइजप्रमाणे’. कुणाच्या? गिऱ्हाइकाच्या गाडीच्या?

"पाणी बाटली की साधं?" हे अशा सुरात विचारतात की साधं म्हणणारा कंजूष ठरलाच.

आणि बिल! साध्या चिठोऱ्यावर पेनाने ५% जीएसटी, जीएसटी नंबरचा पत्ता नाही. अहो, कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला, गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही! विचारलं की मालक मोबाइलात डोकं घालतो. सर्व्हिस चार्ज परस्पर लावू नका, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय. इथे तोही लावतात. सर्व्हिस कसली, तर कांदा-लिंबू येतं भात संपल्यावर!

सुट्टे मागितले तर दोन चॉकलेटं. तीही वितळलेली.