लंडनमधली कामाटीबाग

बडोद्याच्या माणसाला परदेश दाखवायला नेऊ नये, आणि त्यातही दांडियाबाजारात आयुष्य काढून रोज पहाटे कामाटीबागेत दोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तर मुळीच नेऊ नये, कारण जगात पाहण्यासारखे जे जे आहे ते सयाजीराव महाराजांनी आधीच बडोद्यात आणून ठेवले आहे, अशी त्याची खात्री असते. माझे वडील या जातीचे आहेत. हे ठाऊक असूनही मी गेल्या मे महिन्यात आई, बाबा, सौभाग्यवती आणि दोन मुले असा लवाजमा घेऊन लंडनच्या हॅरो उपनगरात मेहुण्याच्या घरी जाऊन थडकलो. मेहुण्याने पहिल्याच मंगळवारी आमच्या हाती स्थळांची यादी ठेवली, "एका दिवसात होऊन जाईल" असा दिलासा दिला आणि तो स्वतः कामावर निघून गेला.

आम्ही निघालो तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत बावीस थेपले, छुंद्याची बाटली, बाबांचा लीलो चेवडो, सहा छत्र्या आणि आईची मफलर एवढा ऐवज होता. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर आम्ही आपल्या रीतीप्रमाणे दोन्ही बाजू अडवून उभे राहिलो. तिथे उजवीकडे उभे राहायचे आणि डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवायची, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मागे माणसे तुंबली. "या गोऱ्यांना कसली एवढी घाई आहे कोण जाणे," असे बाबा मोठ्या आवाजात म्हणाले, आणि मराठी कळण्याचीही जोखीम नको म्हणून तेच वाक्य त्यांनी गुजरातीत पुन्हा म्हटले. त्याबरोबर मागून शांत स्वर आला, "काका, जमणी बाजू ऊभा रहो ने." वळून पाहिले तर सूटबूट घातलेला एक तरुण होता. बाबा उजवीकडे सरकले, आणि त्यानंतर हॅरोला परत येईपर्यंत त्यांनी गोऱ्यांविषयी कोणत्याही भाषेत मतप्रदर्शन केले नाही.

बकिंगहॅम राजवाड्यासमोर आम्ही अकराला दहा कमी असताना धापा टाकत पोहोचलो, कारण पहारा अकरा वाजता बदलतो असे यादीत लिहिले होते. पहारा आठवड्यातून चारच दिवस समारंभाने बदलतो आणि त्या चार दिवसांत मंगळवार नाही, हे लिहायचे राहून गेले होते. अस्वली टोपीतला एक शिपाई तेवढा दूरवर पुतळ्यासारखा उभा होता. बाबांना मात्र याचे काहीच वाटले नाही, कारण त्यांचे लक्ष इमारतीवर होते. "आपला लक्ष्मीविलास याच्या चौपट आहे," असे त्यांनी जाहीर केले. हे वाक्य बडोद्यात प्रत्येक मूल बाराखडीच्या आधी शिकते, पण ते प्रत्यक्ष बकिंगहॅमसमोर उभे राहून म्हणण्याची संधी किती जणांना मिळते! दुर्दैवाने चिरंजीवांच्या हाती फोन होता. "आजोबा, इथे ७७५ खोल्या आहेत."

"खोल्या मोजून वाडा मोठा होत नसतो," बाबा म्हणाले. "त्या चाळीतही असतात."

"आणि ७८ न्हाणीघरं आहेत," चिरंजीवांनी पुढे वाचले.

"त्यातलं एक आत्ता मिळालं असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली. त्यानंतरचा पाऊण तास कसा गेला, हे मी इथे लिहीत नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत हे कळल्यावर आईच्या चेहऱ्यावर दिवसातले पहिले हसू उमटले. रोझेटा शिलेपाशी एवढी दाटी होती की १७९९ साली इजिप्तमध्ये सापडलेला तो दगड आम्ही पुढच्या माणसाच्या वर धरलेल्या फोनमध्येच पाहिला. वरच्या मजल्यावर ममी होत्या. एकापाठोपाठ एक काचेच्या पेट्या, रंगवलेल्या शवपेट्या, पट्ट्यांत गुंडाळलेली मांजरे. कन्या माझा हात घट्ट धरून चालत होती. बाबांनी पहिल्या पेटीपाशी दोन मिनिटे उभे राहून मान डोलावली. "आपल्याकडे आहे ना एक. कामाटीबागेत."

आहे, हे खरेच आहे. तिथल्या १८९४ सालच्या म्युझियममध्ये पाचवीच्या सहलीत मी ती ममी पाहिली होती आणि दोन रात्री आईच्या कुशीत झोपलो होतो. "तुमच्याकडे एक आहे, इथे कितीतरी आहेत," असे सौभाग्यवतींनी सुचवून पाहिले. त्या मुंबईच्या आहेत. "कळण्यासाठी एक पुरते," बाबा म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर बसून थेपले संपवले आणि भुयारी रेल्वेच्या नकाशावरच्या निळ्या रेघेच्या गाडीने साउथ केन्सिंग्टन गाठले. तोवर आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि माझी पिशवी हलकी होण्याऐवजी स्वेटर आणि कन्येचे बूट आल्यामुळे जड झाली होती. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या भव्य दालनात शिरल्यावर सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. निळ्या देवमाशाचा सांगाडा छतापासून झेपावत खाली येत होता. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला, २५.२ मीटर लांबीचा, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ८३ फूट.

कोणीच बोलले नाही. मी बाबांकडे पाहिले नाही, कारण पुढचे वाक्य मला पाठ होते. महीसागराच्या मुखाशी आलेला निळा देवमासा बडोद्याच्या म्युझियममध्ये आहे, आणि त्याची लांबी सत्तर फुटांच्या वर भरते. बाबा बराच वेळ ओठ हलवत बरगड्या मोजत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपलं पिल्लू आहे. मोठं व्हायला वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला."

"आपल्याकडे देवमासा आहे?" दोन्ही मुलांनी एकदम माझ्याकडे वळून विचारले. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेली ही वस्तू मी त्यांना अकरा वर्षांत एकदाही दाखवली नव्हती. मी आईचा गुडघा कसा आहे, याची चौकशी केली.

बाहेर सहा वाजून गेले तरी लख्ख ऊन होते. बाबांनी बाकावर बसून बडोद्याला आपल्या फिरायच्या जोडीदाराला फोन लावला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते आणि स्पीकरवरून येणारा आवाज झोपेत होता.

"काय काय पाहिलंत?"

"राजवाडा, ममी आणि देवमासा," बाबा म्हणाले.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "का हो, आपलं म्युझियम बंद पडलं की काय?"