वाचलेलं अंगावर उठतं

खाल्लेलं अंगी लागतं म्हणतात. माझं खाल्लेलं लागत नाही, वाचलेलं मात्र लगेच अंगावर उठतं. एखादी कादंबरी संपली की पुढे कितीतरी दिवस मी तिच्याच भाषेत बोलत राहतो. पित्त उठलं तर निदान आमसुलाचं पाणी तरी लावता येतं.

या खेपेला सुरुवात 'कोसला'ने झाली. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची. कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा अख्खं होस्टेलच 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' बोलायचं, त्यामुळे माझं कुणाला काही वाटलं नाही. आता मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सभेचं इतिवृत्त मी लिहिलं ते असं : 'टाकीची गळती वगैरे विषय निघाला. खजिनदार उदाहरणार्थ थोर आहेत. प्लंबरला पैसे वगैरे देऊन टाकावेत असं ठरलं.' ऑडिटरने लाल पेनने गोल काढून समासात लिहिलं, 'वगैरे म्हणजे किती रुपये?' मराठी समीक्षेत इतका नेमका प्रश्न मी आजवर वाचलेला नाही.

तरी एक सांगतो. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याचं मेस, परीक्षा, वडलांशी वाजणं, हे सगळं वाचताना हसून पुरेवाट होते. आणि मग त्याची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. तिथून पुढे त्याच्या 'वगैरे'ला हसणं जमत नाही. विशीत ती पानं मी भराभर उलटली होती. आता घरात मुलगी आहे, नाही उलटता आली.

उतारा म्हणून बायकोने 'मृत्युंजय' पुढे केलं. रोग परवडला. शिवाजी सावंतांनी कर्णाची कथा सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे : कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण. जो तो आपल्या बाजूने बोलतो, आणि उपमा देताना हात आखडता घेत नाही. आमच्याकडे नळ उघडा राहून टाकी रिकामी झाली, तेव्हा 'मी नाही ठेवला' एवढं म्हणून मिटलं असतं. मी बाल्कनीत जाऊन सूर्याकडे तोंड करून नियतीवर बोललो. मग बायकोचं निवेदन झालं, मुलीचं झालं. आईने आपली बाजू थेट स्वतःच्या लग्नापासून सुरू केली. अन्याय सगळ्यांवरच झालेला निघाला. नळ कुणी उघडा ठेवला ते अजून कळलेलं नाही. माझं मत (कुणी विचारलेलं नाही) असं की, त्या कादंबरीतली निम्मी विशेषणं काढली तरी कर्णाची उंची इंचभर कमी झाली नसती. पण शोण बोलायला लागला की मी मुकाट वाचतो.

मध्येच रद्दीच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक सापडले. वेताळ, म्हणजे जंगलात राहणारा तो मुखवटेवाला फँटम! ती कवटीची गुहा, तो ठोसा, जबड्यावर उमटणारी ती खूण. या वयात वाचताना एवढंच जाणवतं की या माणसाला अख्ख्या जंगलात एकही बिल येत नाही. तिथली 'जंगलातली जुनी म्हण' मात्र मला चटकन चिकटली. 'जंगलातली जुनी म्हण आहे, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याचं भलं होत नाही,' असं मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, 'बाबा, ही म्हण तू आत्ता केलीस.' जंगलातही असंच चालत असणार.

तिनेच मग जपानी मांगा, म्हणजे तिकडचं कॉमिक, हातात दिलं. हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. झालं! मी पेपर शेवटच्या पानापासून आणि जेवण ताकभातापासून सुरू करू लागलो. शिवाय तिथे आवाज चित्रातच लिहिलेले असतात. पावसाला आवाज, छातीतल्या धडधडीला आवाज, आणि कहर म्हणजे शांततेलाही आवाज. मुलगी म्हणाली, कुणीच बोलत नसलं की जपानी चित्रकार तिथे 'शीन' लिहितो. रात्री जेवताना जो तो आपल्या फोनमध्ये. मी ताटावरून मान वर केली आणि म्हणालो, 'शीन.'

आई ताडकन उठली. 'शेण? कुणाच्या चपलेला लागलं?'

शेवटी 'बनगरवाडी' घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची, अंगाने बारीक. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, वाडीचा होऊन जातो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. एवढं होऊनही लेखक कुठे गळा काढत नाही. मला वाटतं, मराठीत इतकं कमी बोलून इतकं सांगणारा माणूस विरळाच.

हे पुस्तक चढलं आणि माझं बोलणं आटलं. ऑफिसातून आलो. चहा घेतला. गच्चीवर गेलो. आभाळ पाहिलं. ढग नव्हते. बायकोने विचारलं, भाजी कुठली करू? 'असेल ती.' टॉवेल पलंगावर होता. असू दे म्हटलं. नळ, ऑडिटर, नियती, कशावर म्हणून तोंड उघडलं नाही.

पुस्तक लायब्ररीत परत करायचा दिवस उजाडला, तर बायको ते पिशवीत घालून स्वतःच चप्पल सरकवत होती.

'कुठे?'

'मुदत वाढवून आणते.'