म्हणे स्वयंसेवक! आणि हजेरीपट तीन प्रतींत

रविवारी सकाळी साडेसहाला कॉलेजच्या मैदानावर मी काय करत होतो? कवायत? छे हो. गुडघ्यावर पॅड ठेवून एनसीसीच्या त्रेपन्न कॅडेटांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, तिसऱ्यांदा लिहीत होतो. का, तर एका पोराच्या वडिलांचं नाव आधारकार्डावर आहे तसं पडलं नव्हतं. अख्खा कागद परत. त्याच पोराला नऊ नंबरचे बूट मागितले होते, आले सातचे. बदलून द्या म्हटलं तर 'आधीचे जमा केल्याची पावती जोडा'. जमा करायचे कुठे? स्टोअर उघडतं मंगळवारी. मंगळवारी माझी चार लेक्चरं. पोरगं टाचा बाहेर काढून परेड करतंय.

नऊ वर्षं एएनओ, म्हणजे कॉलेजची एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक, आहे मी. ही कागदाची हौस आली कुठून, ते एकदा बघूच म्हणून रागारागात जुने कायदे काढून बसलो. झक मारली. डोकं आणखी फिरलं.

एनसीसी १९४८ ची. तिच्या आधी १९४२ ची यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर), तिच्या आधी १९२० ची यूटीसी (युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर), तिच्याही आधी १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्समधली विद्यापीठांची पथकं. आणि या सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे १८६९ चा इंडियन व्हॉलंटियर्स अॅक्ट. साहेब, चहाचे मळेवाले, कचेरीतले गोरे बाबू हौसेने बंदूक धरणार, त्यांच्या पलटणींचे हे नियम. वर्षाच्या ठरलेल्या कवायती आणि चांदमारी पुरी केली की माणूस 'एफिशियंट'. पलटणीला सरकारी अनुदान मिळायचं ते अशा एफिशियंट डोक्यांच्या हिशेबाने. कळलं का? नेम लागो न लागो, रजिस्टरात टिक लागली पाहिजे! आमचा पंचाहत्तर टक्के हजेरीचा जाच बघा आणि सांगा, काय बदललं?

आणि 'स्वयंसेवक' शब्दाची तर चेष्टाच. बऱ्याच रेल्वे कंपन्यांत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांना पलटणीत नाव घालणं ही नोकरीचीच अट. स्वेच्छेने या, नाहीतर घरी जा! आमच्याकडे 'ऐच्छिक' वर्गणी पगारातून कापतात ना, अगदी तस्सं.

ज्याला खरंच स्वेच्छेने यायचं होतं त्याला मात्र दार बंद. १८८६ च्या कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये ठराव झाला, आम्हालाही व्हॉलंटियर होऊ द्या. फुकट राबतो म्हणतायत लोक! सरकार ढिम्म. एखादा पारशी, एखादा ख्रिस्ती सोडला तर आपल्या माणसाला कोण घेणार? उलट १८७८ चा शस्त्रांचा कायदा. तुम्हा-आम्हाला तलवारीला परवाना, आणि कामावरच्या नोंदलेल्या व्हॉलंटियरला त्यातून सूट.

पुढे १९१७ ला पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा आठवण झाली आमची. सोळा ते पन्नास वयाच्या गोऱ्यांना सक्ती, भारतीय माणसाला ऐच्छिक, तेही वेगळ्या तुकड्यांत. टिळक पुण्यात सभा घेऊन पोरांना नावं नोंदवा म्हणून सांगतायत. ज्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षं मंडालेत ठेवलं, तेच! एवढं होऊन १९२० ला काय, तर अर्धवेळ सैनिकांच्या दलांचे पाठोपाठ दोन कायदे. अठ्ठेचाळिसावा आपल्यासाठी, टेरिटोरियल फोर्सचा. एकोणपन्नासावा त्यांच्यासाठी, ऑक्झिलरी फोर्सचा. एकाच वर्षी, लागोपाठच्या नंबरचे. ताटं वेगळी मांडायची तर निदान थोडं अंतर ठेवून तरी मांडा!

एक मान्य करतो, त्या साहेबांना स्वतःच्या फायद्याचं बरोबर कळत होतं. डोकी मोजली की अनुदान. आम्हाला मोजून काय मिळतं? पोरांच्या अल्पोपाहाराचं बिल गेल्या कॅम्पचं अजून अडकलंय. केळी आणि वडापाव मी खिशातून दिलेत, आणि वडापाववाल्याची पावती चालत नाही कारण तिच्यावर जीएसटी नंबर नाही. गाडीवर वडे तळणारा माणूस, त्याला मी जीएसटी नंबर मागू?

काल फोन आला. नवा फॉरमॅट आलाय म्हणे, नॉमिनल रोल एक्सेलमध्ये पाठवा. आणि सही-शिक्क्याच्या तीन प्रती?

"त्या पण पाठवा सर. बूट आणलेत का?"