दार वर गेलं तर कपडे कुठे?

रो-हाऊसला मिरवायला फारसं काही नसतं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, पाठ मागच्यांच्या मोरीकडे; उरतं ते समोरचं तोंड. त्या तोंडावरही वर एक बाल्कनी, बाल्कनीत एसीचं धूड आणि खाली गॅरेजचं भगदाड. आमच्या नेरूळच्या घरासमोर उभा राहिलेला माणूस आधी त्या भगदाडाकडेच बघतो. मुख्य दार आपलं कोपऱ्यात, लग्नात आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं.

आता 'गॅरेज' म्हणायचं ते कौतुकाने. आत गणपतीचं मखर आहे, पाणी जाईल या भीतीने भरून ठेवलेले ड्रम आहेत, चिरंजीवांची दुसरीतली सायकल आहे आणि छताला पुलीवर टांगलेल्या कपडे वाळत घालायच्या काठ्या आहेत. या सगळ्यांची परवानगी काढून आमची वॅगनआर रात्री आत येते. ती १६२० मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण सव्वापाच फूट. बाहेर पडताना मात्र ड्रायव्हरने बारीक असलेलं बरं.

इतकी वर्षं तिथे कोलॅप्सिबल गेट होतं. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ते खालून खात खात गुडघ्यापर्यंत आणलं होतं. दर दिवाळीला मी त्याला काळा ऑइलपेंट द्यायचो, दर गोकुळाष्टमीला ते तो अंगावरून झटकून टाकायचं. कोणाची तक्रार नव्हती. पण यंदा घराला बाहेरून नवा रंग दिला आणि बायको रस्त्याच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "घर नवीन झालं रे, पण दात तेच राहिले."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

पहिला सल्ला आला न्यू जर्सीहून. तिथे माझा आतेभाऊ असतो. त्याने त्याच्या घराचा फोटो पाठवला: दोन गाड्यांचं गॅरेज, सोळा फुटी पांढरंशुभ्र दार, वरच्या रांगेत छोट्या काचेच्या खिडक्या आणि मधोमध काळ्या लोखंडी बिजागऱ्या नि कड्या. बघूनच बायको गप्प झाली. आमच्याकडे हे लक्षण चांगलं नसतं.

मी विचारलं, "अरे, दार वर जातं ना तुझं? मग या बिजागऱ्या कशाला?"

"त्या खोट्या आहेत. त्याला कॅरेज हाउस स्टाइल म्हणतात. पूर्वी घोडागाड्या ठेवायच्या कोठीला बाजूला उघडणारी दारं असायची ना, तसा लुक."

म्हणजे घोडा नाही, बग्गी नाही, दार बाजूला उघडत नाही, पण आडनाव घोड्याचं. ओढलं तर हातात येतील अशा कड्यांचे त्याने वेगळे पैसे मोजले होते. पुढे त्याने इतिहासही ऐकवला. वर सरकणारं दार सी. जी. जॉन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १९२१ साली काढलं आणि १९२६ साली ते उघडायचं विजेचं यंत्रही त्यानेच काढलं. तेव्हा आमच्या बाजूला भातशेती आणि मिठागरं होती. नवी मुंबई वसवणारं सिडको जन्मायला १९७० उजाडायचं होतं. गॅरेजच्या बाबतीत आम्ही जरा उशिरा निघालोय, एवढं मला मान्य आहे.

मग तुर्भ्याच्या फॅब्रिकेटरकडे चकरा सुरू झाल्या. हा माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच देतो.

"शटर केवढ्याला पडेल?"

"किती गेजचं टाकू साहेब, अठरा की वीस?"

मी ऐटीत वीस म्हणालो. तो हसला. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो; अठराचा साधारण सव्वा मिलिमीटर, वीसचा त्याहून कमी. हे सगळं उलटं कोणी ठरवलं ते त्यालाही माहीत नव्हतं.

रोलिंग शटर तसं गुणाचं. वर गुंडाळी होऊन खोक्यात बसतं, जागा खात नाही, कुलूप भक्कम लागतं. पण ते लावलं की घराचं दुकान होतं. आमच्याच ओळीत एकांनी लावलंय. त्यांच्याकडे सकाळी सहाला लोक अर्धा लिटर गाईचं दूध मागायला येतात. अर्धं वर उचललेल्या शटरखालून काकू वाकून बाहेर आल्या, की आजूबाजूची रो-हाऊसं एकेक करून कशी क्लिनिक, क्लास आणि पार्लर झाली ते आठवतं आणि यांचं कसलं निघणार याची चर्चा सुरू होते. शटर बाद.

आत-बाहेर उघडणारं दोन झडपांचं गेट? बाहेर उघडलं तर समोर उभ्या असलेल्या गाडीला लागतं, आत उघडलं तर आमच्याच गाडीला. बाजूला सरकणारं? सरकायला दाराएवढीच मोकळी भिंत हवी आणि आमची भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या काकांची तुळस सुरू होते. काका म्हणाले, "सरकू दे की, पण आमच्याकडे आलेलं दार आमच्याच रंगाचं पाहिजे."

तेव्हा उरलं ते न्यू जर्सीवालंच. त्याला इकडे सेक्शनल डोअर म्हणतात आणि रिमोटवर चालणारं इथेही मिळतं. आडव्या चार-पाच पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, कडेला रूळ. बटण दाबलं की पट्ट्या एकामागून एक वर चढतात आणि छताखाली आडव्या होऊन झोपतात. शोरूममधल्या मुलाने दाखवलं तेव्हा बायकोने ते इतक्यांदा वरखाली केलं, की तो पोरगा स्प्रिंगबद्दल सांगू लागला. सगळं वजन म्हणे दारावरच्या पीळ दिलेल्या स्प्रिंगा पेलतात, मोटर नुसती ढकलते. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप सोसते. बायकोने तिथल्या तिथे हिशेब केला: दिवसाला चार वेळा धरलं तर जेमतेम सात वर्षं. "मोकळेपणी एकदा जास्त बाहेर जायचं म्हटलं तरी स्प्रिंग आठवणार," ती म्हणाली. वीज गेली तर? मोटरला एक लाल दोरी लोंबते, ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उघडतं. दाराखाली कोणी आलं तर? खाली दोन्ही बाजूंना डोळे असतात, मधली किरणं अडली की दार परत वर जातं. सगळ्याला उत्तर होतं.

मग रंग. शेडकार्ड घेऊन आम्ही संध्याकाळी रस्त्यावर उभे. हल्ली सगळीकडे गडद राखाडी चालतो, खिडक्यांच्या फ्रेमशी जुळवतात. मी पट्टी भिंतीला लावून धरली, बायको लांब जाऊन डोळे बारीक करून बघत होती. रस्त्याचा दिवा लागला आणि राखाडी हिरवट झाला. आईने वरून बघितलं. "नव्या घराच्या तोंडाला काळं फासताय का रे?"

राखाडी तिथेच मेला.

लाकडी? खरं सागवान आषाढात फुगणार नि वैशाखात आकसणार. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर सागाच्या रेषा उठवलेलं पावडर कोटिंग. रंगाची पूड विजेने धातूवर बसवून भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात. वर सागाच्या गाठीसुद्धा असतात. एकच गाठ दर दीड फुटावर पुन्हा येते, ती एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. मी हे बायकोला दाखवलं नाही. तिनेच मला दाखवलं.

आडव्या रेषा की उभ्या, यावरही मेव्हण्याचं व्याख्यान झालं. आडव्या रेषांनी अरुंद घर रुंद वाटतं, उभ्यांनी उंच. आमचं घर अरुंदही आहे आणि बुटकंही, त्यामुळे दोन्हींची गरज. वरच्या रांगेत काचेच्या खिडक्या घेतल्या तर उजेड येतो, पण रस्त्यावरून मखरातला उंदीर दिसतो.

शेवटी दर ठरवायला शोरूमचा माणूस मोजमापाला आला. टेप लावला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "या काठ्या काढाव्या लागतील. दार इथेच येऊन झोपणार."

आई जिन्यात उभी होती. "मग पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे?"

तो म्हणाला, "आजी, वॉशिंग मशीनला ड्रायर असतो ना."

हे वाक्य त्याने आमच्या घरात म्हणायला नको होतं. ड्रायरने कपडे दमट निघतात, चादरीला वास येतो, बाल्कनीत एसी, गच्चीवर पाऊस. दाराला बाहेरून बघणारे दिवसातून दहा जण, वाळलेला टॉवेल मात्र घरातल्या प्रत्येकाला रोज लागतो. एवढं बोलून आई वर गेली. बायकोने काठ्यांकडे बघितलं. त्यांवर तिचाच पंजाबी ड्रेस होता. शोरूमवाल्याला चहा देऊन निरोप दिला.

त्यानंतर निर्णयाला अर्धा तासही लागला नाही. छत मोकळं राहिलं पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे, बाकी काय ते दिसण्याचं. तुर्भ्याच्याच माणसाने चार झडपांचं घडीचं दार करून दिलं. दोन झडपा डावीकडे, दोन उजवीकडे, घडी होऊन आत भिंतीलगत. अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट, सागाचा रंग, खाली वीतभर जागा. पाणी वाहून जायला असं आम्ही सांगतो, प्रत्यक्षात मांजरीसाठी. बाल्कनीच्या कठड्याला त्याच पट्ट्या मारल्या, तेव्हा घर एकदम वर-खाली एकाच माणसाने बांधल्यासारखं दिसायला लागलं. काकांनी रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं आणि पहिल्यांदाच सूचना केली नाही.

अडचण निराळीच निघाली. घरात शिरायचं दार हेच असणार, अशी आता गावाची समजूत झाली आहे. कुरिअरवाला गॅरेजवर टकटक करतो, गॅस सिलिंडर गॅरेजपुढे उतरतो, निवडणुकीची पत्रकं गॅरेजच्या फटींतून आत येतात. परवा पाहुणे म्हणून आलेले आत्याबाई नि त्यांचे यजमान दहा मिनिटं गॅरेजसमोर उभे राहिले, आम्ही कोपऱ्यातल्या दारात उभे राहून हात हलवत होतो. शेवटी बेल काढून तिकडे लावली, पाठोपाठ नावाची पाटी गेली. मग कोपऱ्यातलं दार अगदीच उघडंबोडकं दिसायला लागलं.

काल बायको पुन्हा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी होती. सुताराला फोन झालाय. उद्या येतो म्हणालाय. कुठल्या उद्या, ते सुतारच जाणे.