फिरकणार नाही कुणी?

‘नशा करणाऱ्याला मरणाची भीती असती तर त्यानं नशा केलीच कशाला असती? उघडा तुमची केंद्रं, फिरकणार नाही कुणी.’ नाशिकच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका वर्गमित्रानं हे लिहिलं, खाली भराभर अंगठे उमटले, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. विषय निघाला होता शिंदे गावाजवळ ऑक्टोबर 2023 मध्ये सापडलेल्या एमडीच्या (मेफेड्रोन या नशेच्या) कारखान्यावरून. मी एवढंच म्हटलं होतं की छापे जरूर घाला, पण जी पोरं आधीच नादाला लागली आहेत ती जगतील कशी, हेही बघा. आमच्याकडे कॅनडात, व्हँकूवरला त्यासाठी जागा आहेत: नर्सच्या देखरेखीखाली नशा करायची केंद्रं.

मी हेस्टिंग्ज स्ट्रीटवरच्या एका दुकानात फार्मसिस्ट आहे. सकाळी शटर वर जायच्या आधीच मेथाडोनवाले, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेऐवजी हे औषध घेणारे, दारात उभे असतात. माझ्यासमोर पेला संपवतात, इथली हॉकी टीम कॅनक्स हरली म्हणून दोन शिव्या हासडतात आणि कामाला लागतात. याच रस्त्यावर इनसाइट आहे. सप्टेंबर 2003 मध्ये उघडलेलं, उत्तर अमेरिकेतलं असं पहिलं मान्यताप्राप्त केंद्र. माणूस माल स्वतःचा आणतो, तिथली स्वच्छ सुई घेतो, आरशासमोरच्या कप्प्यात बसून टोचून घेतो. श्वास मंदावला तर नर्स ऑक्सिजन लावते, हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन देते. टोपणनाव सांगितलं तरी चालतं. आजवर तिथे लाखो वेळा माणसं येऊन गेली, हजारो ओव्हरडोस झाले, पण एकही जीव गेलेला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2011 साली आलेल्या अभ्यासानुसार इनसाइटच्या 500 मीटर परिसरात ओव्हरडोसचे मृत्यू 35% नी घटले, बाकी शहरात 9% नी. ज्यांना जिवाची पर्वा नाही असं आपण घरबसल्या ठरवतो, तीच माणसं नोव्हेंबरच्या पावसात तिथवर चालत जातात.

येतील का, हा प्रश्न इथेही आधी विचारला गेला होता. फरक एवढाच की ज्यांनी यायचं त्यांनाच जाऊन विचारलं. बहुतेकांनी हो म्हटलं. मग नियम वाचून दाखवले: नोंदणी करावी लागेल, दुसऱ्याच्या हातून टोचून घेता येणार नाही, दाराशी पोलीस असू शकतो. होकार पटापट गळाले. कित्येक बायकांना स्वतःला टोचता येत नाही, त्यांचा जोडीदार टोचतो. अशा बाईला ते दार उघडं असूनही बंदच होतं. 2016 मध्ये फेंटानिलनं, हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल मालानं, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा सारा ब्लाइथ आणि तिच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परवानगीची वाट न बघता एका गल्लीत तंबू ठोकला. माणसं आली. डिसेंबरात प्रांताच्या आरोग्यमंत्र्यांनी आदेश काढून अशा जागांना मान्यता दिली. सरकार तंबूच्या मागून आलं, पुढून नव्हे.

हे लिहिल्यावर ग्रुपवर लगेच बातमी डकवली गेली: कॅनडानंच माघार घेतली. अरे, माघार कशातून घेतली ते तरी वाचा! आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं जानेवारी 2023 मध्ये अडीच ग्रॅमपर्यंत माल जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळलं, मे 2024 मध्ये सार्वजनिक जागांपुरती ती सवलत काढून घेतली, आणि जानेवारी 2026 मध्ये उरलेलीही संपू दिली. केंद्रांचा प्रश्न वेगळा. ऑन्टारिओ प्रांतानं मात्र शाळा आणि पाळणाघरांच्या 200 मीटरच्या आतली केंद्रं खरंच बंद करायला लावली, आणि त्याचा मला संताप आहे. पण तिथे कुणी फिरकत नव्हतं म्हणून नव्हे. येणारी माणसं शेजाऱ्यांना नको होती म्हणून.

आपल्याकडे भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27 नुसार नुसतं सेवन हाही गुन्हा. त्या धाकातही पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून उभं आहे आणि माणसं तिथे येतात. मुंबईत स्वच्छ सुया वाटणाऱ्या संस्था आहेत, आणि ज्यांना आपण गर्दुल्ले म्हणून हटकतो ते त्यांच्याकडून सुया घेतात. एमडीवर नॅलोक्सोन चालत नाही, त्यामुळे नाशिकला लागणारी जागा इनसाइटसारखी नसेल, हे मला कळतं. कशी असावी, हे त्या पोरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं.

‘तू तिकडचा झालास, इकडचं तुला कळायचं नाही,’ असं म्हणून वर्गमित्रानं विषय संपवला. हे लागलं. आकड्यांवर मी भांडू शकतो, यावर नाही. नाशिकला गेलो की पहिल्या दिवसापासून ‘परत कधी?’ विचारतात.

आणि इकडचा तरी मी कितपत आहे? इथले बहुतेक मृत्यू रस्त्यावर होत नाहीत, घरांत होतात, एकट्यानं. आता टोचण्यापेक्षा ओढणारे जास्त, आणि इनसाइट उभारलं होतं टोचणाऱ्यांसाठी. केंद्रात कधीच न येणारा माणूस व्हँकूवरशेजारच्या सरी शहरातल्या एखाद्या बेसमेंटमध्ये असतो, बांधकामावरून थकून आलेला, आणि पुष्कळदा त्याचं नाव आपल्यासारखं असतं. गणपतीत हॉलच्या टेबलावर नॅलोक्सोनची किट ठेवूया, असं मी इथल्या मराठी मंडळात सुचवलं. ‘आपल्यात नाही हो हे,’ म्हणून कमिटीनं मोदकांच्या ऑर्डरकडे मोर्चा वळवला. आरतीनंतर पार्किंगमध्ये एक ताई गाडीपाशी आल्या. ‘दादा, एक द्याल का? घरी कुणाला कळू देऊ नका.’ इथल्या पुष्कळ फार्मसींत ते किट फुकट मिळतं, त्यांच्या घराजवळही मिळालं असतं. पण एवढी गोष्ट त्यांना मराठीत मागायची होती, आणि मागण्यासारखं माणूस त्यांना वर्षातून या एकाच दिवशी भेटत होतं.

पुढच्या गणपतीत किट टेबलावर असतील. कमिटीला मी विचारणार नाही.