पॅलिम्प्सेस्ट की हरताळ?

इतिहासावर वाद सुरू झाला की एक विधान हमखास फिरतं: इतिहास हा पॅलिम्प्सेस्ट (जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेलं चर्मपत्र) आहे, जेत्यांनी खरा मजकूर खरवडून त्यावर आपला खोटा लिहिला, वरचा थर काढा, खाली सत्य सापडेल. ऐकायला झकास आहे. पण खरवडलेली चर्मपत्रं असं काही सांगत नाहीत.

आधी हेतू. चर्मपत्र म्हणजे ताणून, घासून तयार केलेलं कातडं, आणि ते महाग. खरवडणाऱ्याला बहुधा पान हवं असायचं. जुन्या मजकुराशी त्याचं वैर असेलच असं नाही. पॅरिसमधल्या कोडेक्स एफ्राएमी या हस्तलिखितात तर पाचव्या शतकातलं ग्रीक बायबलच पुसून बाराव्या शतकात संत एफ्रेमचं लेखन उतरवलंय. ख्रिस्ती लेखनिकाचा बायबलवर राग होता म्हणायचं का?

वरचा थर शत्रू, हेही तपासू. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली प्रत खरवडून, पानं आडवी दुमडून, १२२९ साली तिचं प्रार्थनापुस्तक झालं. प्रार्थना जुन्या ओळींना काटकोनात धावतात. दोघांचा एकमेकांशी संवादही नाही आणि भांडणही नाही. आर्किमिडीजचा 'मेथड' हा ग्रंथ आज याच एका प्रतीत मिळतो. मध्ययुगात त्याच्या ग्रंथांच्या आणखी दोन महत्त्वाच्या ग्रीक प्रती होत्या, त्या हरवल्या. प्रार्थनेसाठी जपलेली ही मात्र टिकली. तिची खरी विटंबना विसाव्या शतकातली: कुणीतरी चार पानांवर जुनी भासणारी खोटी चित्रं रंगवली.

'वरचा थर काढा' हा सल्ला तर घातकच. एकोणिसाव्या शतकात व्हॅटिकनचा ग्रंथपाल आंजेलो माई याने संत ऑगस्टिनच्या मजकुराखालचा रोमन लेखक सिसरो वाचायला मायफळाचा (ओकच्या झाडावरच्या गाठींचा) अर्क वापरला. अक्षरं उठली, पण अशा अर्काने कातडं काळवंडतं. याउलट आर्किमिडीज वाचला तो वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन आणि क्ष-किरणांनी, प्रार्थना न खरवडता.

साहित्यातही हे रूपक असं वापरलेलं नाही. इंग्रज लेखक डी क्विन्सीने १८४५ साली मेंदूला पॅलिम्प्सेस्ट म्हटलं ते कुठलाच थर मरत नाही म्हणून. फ्रेंच समीक्षक जेनेतने १९८२ मध्ये ते वापरलं आधीच्या कृतीवर उभ्या राहिलेल्या कृतींसाठी. तिथे खालचं दिसावं हीच तर मौज. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी भारताला हीच उपमा दिली, तीही कुठल्याच नव्या थराने जुना पुरता झाकला नाही, हे सांगायला. खरवडण्यावर भर दिला तो ऑर्वेलने, पण त्याच्या '१९८४' या कादंबरीत खाली काही उरतच नाही, मग शोधणार काय?

मुद्दाम केलेल्या खोडाखोडीसाठी आपल्याकडे शब्द आहे की. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ हे पिवळं खनिज फासत, ते अक्षर नको म्हणूनच. आरोप करायचाच असेल तर हरताळ फासला म्हणा.